जनमत कौलाने गोवा राज्य झाला नाही

१६ जानेवारीला दरवर्षी कुणीतरी लिहितंच, ‘१९६७ च्या कौलात गोवेकरांनी वेगळं राज्य मिळवलं.’ हे चूक आहे. मतपत्रिकेवर घटक राज्याचा पर्यायच नव्हता. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

विलीनीकरण टळलं, पण दिल्लीची पकड तशीच राहिली. मंत्रिमंडळ होतं, विधानसभाही होती, ३० जागांची. मात्र १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याच्या कलम ४४ नुसार नायब राज्यपाल आणि मंत्र्यांचं पटलं नाही, तर विषय राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे जाई. तिथला निर्णय येईपर्यंत तातडीच्या बाबीत नायब राज्यपाल स्वतः पाऊल उचलू शकत. लोकांनी निवडलेल्या सरकारला ही मोठी अडचण, आणि आज आपण ती फार सहज विसरतो.

राज्य झालं ते ३० मे १९८७ रोजी, गोवा, दमण आणि दीव पुनर्रचना कायद्याने. दमण आणि दीव वेगळे झाले, विधानसभा ४० जागांची ठरली. कौलानंतर वीस वर्षांनी.