नखाएवढी माशी आणि खिशातला कॅमेरा

गळावर पीस, लोकर आणि बारीक दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी माशाला क्षणभर फसवण्यासाठी असते. तिचे छायाचित्र मात्र माणसाने निरखून पाहण्यासाठी असते. दोऱ्याचे वेढे किती घेतले, पिसाचे तंतू गळाच्या बाकाच्या मानाने किती लांब ठेवले, नेढ्यामागे किती जागा सोडली, हे सारे त्या चित्रावरून दुसऱ्या कारागिराला वाचता आले पाहिजे. जेमतेम १० मिलिमीटर लांबीच्या वस्तूचे असे चित्र टिपायला मोठा आणि महागडा कॅमेराच हवा, अशी समजूत आहे. ती बऱ्याच अंशी चुकीची आहे, आणि त्याचे कारण प्रकाशशास्त्रात आहे.

खिशात मावणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी चकती, सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो. ‘फुल फ्रेम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेन्सरचे माप ३६ बाय २४ मिलिमीटर असते. माशी आणि तिच्याभोवतीची थोडी मोकळी जागा मिळून २५ मिलिमीटर रुंदीचे दृश्य चौकटीत बसवायचे असेल, तर छोट्या सेन्सरवर प्रतिमा मूळ वस्तूच्या केवळ एक चतुर्थांश आकाराची पडली तरी पुरते. मोठ्या सेन्सरवर तीच प्रतिमा मूळ वस्तूच्या जवळजवळ दीडपट व्हावी लागते, आणि नेहमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, भिंगे वस्तूएवढ्या प्रतिमेपाशीच थांबतात. शिवाय एफ ४ या छिद्रावर (एफचा आकडा वाढला की भिंगाचे छिद्र लहान होते) छोट्या सेन्सरला सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा थर रेखीव दिसतो, तर तेवढ्याच छिद्रावर मोठ्या सेन्सरला त्याच्या साधारण एक तृतीयांश. मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र लहान करून हा फरक भरून काढता येतो, पण मग प्रकाश कितीतरी अधिक लागतो. बारकाव्यांचीही चिंता नको: चित्राच्या रुंदीत ४००० पिक्सेल असतील, तर ०.१ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याला त्यातले १६ मिळतात आणि वेढा न् वेढा मोजता येतो.

छोटा कॅमेरा चुकतो तो दुसरीकडे. फुलाचे चिन्ह असलेली मॅक्रो अवस्था निवडली की बहुतेक कॅमेरे झूम पूर्ण मागे असतानाच सर्वांत जवळचे पाहतात, आणि भिंग वस्तूला जवळजवळ टेकते. समजा, कॅमेऱ्याचा दृष्टिबिंदू माशीच्या मध्यापासून २० मिलिमीटरवर आहे आणि पिसांचा घेर पुढे-मागे ५ मिलिमीटर पसरला आहे. पुढचे तंतू १५ आणि मागचे २५ मिलिमीटरवर आल्यामुळे पुढचे तंतू मागच्यांच्या सुमारे १.६७ पट मोठे दिसू लागतात. ज्या प्रमाणबद्धतेसाठी चित्र काढायचे, तीच बिघडते. अंतर १०० मिलिमीटर केले, तर हा फरक दहाएक टक्क्यांवर उतरतो. म्हणून कॅमेऱ्यासमोर १० डायॉप्टर शक्तीचे क्लोज-अप भिंग धरावे, झूम पुढे न्यावा आणि भिंगापासून सुमारे १० सेंटिमीटरवर माशी ठेवावी. माझ्या मते या एका भिंगाइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही साधनाचा होत नाही.

छिद्र लहान करून रेखीव थर आणखी वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, एफ ८ वर प्रत्येक बिंदूची प्रतिमा सुमारे ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या ठिपक्यात पसरते, आणि इथला एक पिक्सेल दीड मायक्रॉनच्या आसपास असतो. एफ ४ च्या जवळपास राहून माशी अशी बसवावी, की गळाचा दांडा, बाक आणि नेढे सेन्सरला समांतर अशा एकाच प्रतलात येतील. फोकस दांड्यावर धरावा; पुढचे-मागचे काही तंतू धूसर झाले तरी चित्र वाचता येते. तेही रेखीव हवे असतील, तर फोकस थोडाथोडा सरकवत अनेक चित्रे काढून ती संगणकावर एकत्र करता येतात.

खरा वेळ द्यावा तो प्रकाशाला. कॅमेऱ्यातला फ्लॅश इतक्या जवळून भिंगाच्या नळीची सावली पाडतो, आणि गळाच्या चकचकीत धातूवर पांढरा डाग उमटवतो. गोलाकार धातू म्हणजे छोटासा बहिर्वक्र आरसाच असतो, त्यामुळे दिव्याचा जो आकार, तोच त्यावर दिसतो. दिवा आणि माशी यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून धरला, की तो कागदच मोठा दिवा बनतो आणि डागाच्या जागी दांड्याची गोलाई सांगणारी मऊ, लांबट झळाळी येते. दुसरा एखादा दिवा किंचित मागून ठेवला, तर अर्धपारदर्शक तंतूंच्या कडा उजळतात. पार्श्वभूमीला साधा राखाडी कागद चांगला, कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या कागदावर तो माशीला काळवंडून टाकतो आणि एक्स्पोजर एखाद्या पायरीने वाढवावे लागते. दोन वेगळ्या रंगछटांचे दिवे एकत्र वापरू नयेत. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला, की बटण दाबण्याचा हादरा चित्रापर्यंत पोचत नाही.

मोरपिसाच्या तंतूंनी अंग भरलेली माशी सर्वांत जास्त कस पाहते. मोरपिसातला हिरवा-निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. सूक्ष्म तंतुकांमधल्या मेलॅनिनच्या कांड्या जाळीसारख्या नियमित अंतरावर रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून, म्हणजे त्या एकमेकींत मिसळण्यातून, तो उमटतो. साहजिकच पाहण्याचा किंवा प्रकाशाचा कोन बदलला की छटा बदलते. व्हाइसमध्ये, म्हणजे गळ पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात, धरलेली माशी दांड्याभोवती अंशाअंशाने फिरवत गेल्यास काळपट दिसणारे अंग एका स्थितीत एकाएकी हिरवे होते, आणि बटण त्याच स्थितीत दाबायचे असते.