शेकोटीचा उजेड आणि बाजूने आलेला फ्लॅश

डिसेंबर-जानेवारीत जळगाव आणि धुळे परिसरातील शेतांमध्ये भरीत पार्ट्यांना बहर येतो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यावर भाजली जाणारी वांगी, वर चढणारा धूर, दूर सातपुड्याच्या बाजूला गडद होत चाललेले आकाश आणि जाळाभोवती कोंडाळे करून बसलेली घरची व पाहुणी मंडळी हे सारे डोळ्यांना एकाच वेळी स्पष्ट दिसत असते. छायाचित्रात मात्र बहुतेक वेळा चेहरे पांढरेफटक, जाळ निस्तेज आणि पार्श्वभूमी काळीकुट्ट येते. नाताळच्या सुट्टीत गावी आलेल्या हौशी छायाचित्रकारांचा मग असा समज होतो, की अशा ठिकाणी फ्लॅश वापरूच नये. खरा दोष फ्लॅशचा नसून तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवण्याचा आहे.

चेहऱ्याचा उंचसखलपणा आपल्याला सावल्यांमुळे जाणवतो. प्रकाश लेन्सच्याच दिशेने आला, तर प्रत्येक सावली वस्तूच्या मागे लपते आणि चेहरा सपाट दिसतो. तोच फ्लॅश स्टँडवर किंवा सोबतच्या माणसाच्या हातात देऊन बाजूला नेला आणि रेडिओ ट्रिगरने (कॅमेऱ्यावरून बिनतारी इशारा देऊन फ्लॅश पेटवणाऱ्या उपकरणाने) चालवला, की नाकाची, गालाची, डोक्यावरच्या पदराच्या चुण्यांची सावली कॅमेऱ्याला दिसू लागते. पदर किंवा टोपी घेतलेल्या चेहऱ्यांसाठी फ्लॅश फार उंच ठेवू नये, कारण वरून आलेला प्रकाश कपाळावरच अडतो आणि डोळे अंधारात राहतात.

फ्लॅश कोठे ठेवावा, हे ठरवताना अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम उपयोगी पडतो: अंतर दुप्पट झाले, की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. फ्लॅश पहिल्या माणसापासून १ मीटरवर आणि शेवटच्या माणसापासून ३ मीटरवर असेल, तर शेवटच्याला पहिल्याच्या एक नवमांशच प्रकाश मिळतो. फ्लॅश आणखी ३ मीटर मागे नेला, तर ही अंतरे ४ आणि ६ मीटर होतात, आणि शेवटच्या माणसाला पहिल्याच्या सुमारे ४४ टक्के प्रकाश मिळतो. त्यासाठी फ्लॅशची शक्ती वाढवावी लागते, पण संपूर्ण पंगत दिसते. उलट, भाकरी थापणाऱ्या एकाच आजीबाईंवर लक्ष खिळवायचे असेल, तर फ्लॅश जवळ आणावा, म्हणजे मागची गर्दी आपोआप अंधारात जाते.

मला या तंत्रातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो वेळेचा. फ्लॅशमधील कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) सुमारे ३०० व्होल्ट दाबाने विद्युतभार साठवतो आणि तो झेनॉन वायूच्या नळीतून एकदम सोडतो. पूर्ण शक्तीवर हा झगमगाट साधारणपणे सेकंदाच्या तीनशेव्या ते हजाराव्या भागात, तर कमी शक्तीवर त्याच्याही कितीतरी कमी काळात संपतो. इतक्या अल्पकाळाच्या प्रकाशाचे सामर्थ्य छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८५१ मध्येच दाखवले होते. वेगाने फिरणाऱ्या चाकावर लावलेल्या छापील पानाचे छायाचित्र त्यांनी विजेच्या ठिणगीच्या उजेडात टिपले होते. शेतातल्या शेकोटीसाठी याचा अर्थ असा, की शटर (प्रकाश ठरावीक काळ आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा) सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले काय किंवा पंधरावा भाग उघडे राहिले काय, फ्लॅशचा प्रकाश तेवढाच नोंदला जातो, कारण तो शटर बंद होण्याच्या पुष्कळ आधी विझलेला असतो. जाळ आणि आकाश मात्र अखंड प्रकाश देत असल्यामुळे पंधराव्या भागाच्या वेळी त्यांची नोंद चौपट होते. म्हणजे एकाच चौकटीत दोन स्वतंत्र छायाचित्रे घेतली जातात: शेकोटी आणि संधिप्रकाशाचे चित्र शटरने नियंत्रित होते, तर चेहऱ्यांवरील प्रकाश फ्लॅशची शक्ती आणि अंतर यांनी ठरतो. ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे याचे माप) मात्र या दोन्ही चित्रांवर सारखाच परिणाम करतात. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून जाळ आणि आकाश मनासारखे येईपर्यंत शटर बदलावे आणि मगच फ्लॅश थोडा थोडा वाढवावा, हा क्रम मी आग्रहाने सुचवेन. शटरचा वेग वाढवताना बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापलीकडे जाऊ नये, कारण त्यापुढे शटरचे दोन्ही पडदे (पहिला उघडणारा, दुसरा बंद करणारा) एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि चित्रावर काळा पट्टा येतो.

रंगाचा प्रश्नही सोडवावा लागतो. फ्लॅशचे रंगतापमान (प्रकाश किती निळसर किंवा नारिंगी आहे याचे माप; आकडा कमी तितका प्रकाश नारिंगी) सुमारे ५५०० केल्विन असते, तर लाकडाच्या जाळाचे २००० केल्विनच्या आसपास. त्यामुळे जाळाशेजारचा फ्लॅशने उजळलेला चेहरा निळसर आणि परका दिसतो. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पातळ पत्रा) लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता प्रकाश पांढरा धरायचा याची मांडणी) ३२०० केल्विनच्या जवळ ठेवला, तर चेहऱ्यावर शेकोटीचीच ऊब पसरल्यासारखी वाटते आणि संध्याकाळचे आकाश अधिक गडद निळे उमटते. जेल बराच प्रकाश गिळते, तेवढी शक्ती वाढवून घ्यावी.

धुराला फ्लॅश समोरून मारणे टाळावे. धुराचे कण आणि धुक्याचे थेंब प्रकाशाचा मोठा भाग पुढच्याच दिशेने विखुरतात, म्हणून फ्लॅश धुराच्या मागे, कॅमेऱ्याच्या रोखाने पण कुणाच्या तरी पाठीआड लपवून ठेवला, की धुराची प्रत्येक वळी उजळते. या मागच्या फ्लॅशवर जेल लावले नाही, तर वर सांगितलेल्या व्हाइट बॅलन्सला धूर निळा येतो आणि नारिंगी जाळापुढे फार सुंदर दिसतो. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत. थंडीतल्या पहाटे तेथे दिसणाऱ्या वाफेलाही हेच तंत्र लागू पडते. तापीकाठच्या दाट धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडवला, तर लेन्ससमोरचे जवळचे थेंबच सर्वाधिक उजळतात आणि पांढऱ्या पडद्याखेरीज काही हाती लागत नाही.

दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडे हा या दिवसांतला आणखी एक मोठा विषय आहे. नाचणाऱ्या घोड्याची गती दाखवायची असेल, तर शटर संथ ठेवून फ्लॅश दुसरा पडदा बंद होण्याच्या आधी पेटेल अशी व्यवस्था निवडावी. तो सुरुवातीलाच पेटला, तर गतीची पुसट रेघ घोड्याच्या पुढे उमटते आणि घोडा मागे सरकल्यासारखा वाटतो. घोड्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो आणि तो प्रकाश आला त्याच दिशेने परत जातो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने घोड्याचे डोळे चमकतात ते यामुळे, आणि फ्लॅश बाजूला नेल्यावर ही चमक लेन्सपर्यंत पोहोचत नाही. गर्दीत बिथरलेला घोडा माणसांना आणि स्वतःलाही इजा करू शकतो, म्हणून मालकाची परवानगी घेतल्याशिवाय फ्लॅश वापरू नये आणि परवानगी मिळाल्यावरही तो घोड्याच्या डोळ्यांवर न रोखता मागच्या बाजूने, कमी शक्तीवर वापरावा. कमी शक्तीचा झगमगाट अल्पायुषी असल्याने टापांखालून उडणारी माती त्यात कणाकणाने गोठलेली मिळते.