पिक्चरला मार्क द्यायची सवय आली कुठून

आमच्या काकांकडे एक लांबडी वही होती, किराणावाले उधारी लिहितात तसली लाल पुठ्ठ्याची, आणि त्यात त्यांनी बघितलेला एकूण एक पिक्चर लिहिलेला असायचा, तारीख, टाकीज, तिकिटाचे पैसे, बरोबर कोण होतं आणि शेवटच्या रकान्यात मार्क. शंभरपैकी. काका इंदूरच्याच एका शाळेत गणित शिकवायचे त्यामुळे तारे-बिरे त्यांच्या डोक्यातच नव्हते, मार्क म्हणजे मार्क. आणि पासिंग ३३ ला, कारण एमपी बोर्ड. पुण्याची आत्या म्हणायची अरे ३५ ला पास असतं, तर काका म्हणायचे तुमच्याकडे बघितला असता तर ३५, हा इंदूरच्या रीगल टाकीजला बघितलाय. एका पिक्चरला ३२ दिलेत आणि बाजूला लाल पेननं "+१ ग्रेस, गाणी". परवा माळा आवरताना ही वही सापडली, खूप हसलो, आणि मग लक्षात आलं की आदल्या रात्री मी पण फोनवर साडेतीन तारे टाकलेत आणि त्यातला अर्धा गाण्यांचाच होता.

मग शोधायला बसलो.

तर गंमत अशी की तारे मुळात सिनेमासाठी निघालेच नव्हते, ते प्रवासाच्या पुस्तकातून आलेत. १८२० च्या आसपास मारियाना स्टार्क नावाच्या एक इंग्रज बाई युरोप फिरणाऱ्यांसाठी गाइड लिहायच्या आणि कुठलं चित्र, कुठलं चर्च बघण्यासारखं आहे हे सांगायला नावापुढे उद्गारचिन्हं टाकायच्या, जास्त भारी असेल तर जास्त चिन्हं. हल्ली आपण "जबरदस्त!!!!" लिहितो ना, तेच, दोनशे वर्षं आधी. पुढे मरे आणि बेडेकर यांच्या गाइडांमध्ये त्या चिन्हांच्या जागी तारे आले (हे बेडेकर जर्मन, आपले लोणच्यावाले नाहीत), १९२६ मध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीनं हॉटेलांना तारा द्यायला सुरुवात केली, म्हणजे लोकांनी गाडी काढून लांब जेवायला जावं आणि टायर झिजवावेत. सिनेमाला तारा मिळाल्याची जी सगळ्यात जुनी नोंद सांगतात ती ३१ जुलै १९२८ ची, न्यूयॉर्कच्या डेली न्यूजमध्ये आयरीन थायरर या बाईंनी तीन ताऱ्यांची पट्टी काढली आणि पहिल्याच पिक्चरला एक तारा देऊन मोकळ्या झाल्या. तीनपैकी एक, टक्क्यात ३३.३३. काकांनी पास केला असता.

पॅरिसच्या कायए द्यू सिनेमा मासिकात १९५५ पासून एक तक्ता यायला लागला, तो मला फार आवडतो. दहा समीक्षकांची नावं वर, पिक्चर बाजूला, आणि प्रत्येक चौकोनात त्या माणसाचं मत, आवडला तर तारे आणि जाऊच नका असं असेल तर काळा ठिपका. याची सरासरी काढायची कोणाला गरज वाटत नव्हती. वाचणाऱ्याला माहीत असायचं की अमक्याचा ठिपका म्हणजे आपल्याला हमखास आवडणार. अमेरिकेत टीव्हीवर सिस्केल आणि ईबर्ट बसायचे, शिकागोच्या दोन भांडणाऱ्या पेपरांचे दोन समीक्षक, एक बारीक एक जाड, १९८६ पासून त्यांचे अंगठे वर-खाली प्रसिद्ध झाले. दोघांचे अंगठे वर म्हणजे पोस्टरवर छापायची गोष्ट. पण खरी मजा एक वर एक खाली असेल तेव्हा, कारण मग ते कचाकचा भांडायचे आणि बघणारा ठरवायचा आपण कोणाच्या बाजूला.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे सुरुवातीला मत वगैरे भानगडच नव्हती, चित्र हलतंय हेच पुष्कळ होतं. फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला लागला, आणि मग सूरतला नेला तेव्हाची गोष्ट सांगतात की पहिल्या दिवशी गल्ला झाला तीन रुपये. तेव्हा फाळके यांनी जाहिरात केली की ५७ हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यात. म्हणजे पिक्चर चांगला आहे असं नाही म्हणाले, पिक्चर लांब आहे म्हणाले! आणि लोक आले. गुजराती माणसाला मापात माल दाखवला की पटतं असा काकांचा यावरचा निष्कर्ष होता, बडोद्याचे नातेवाईक घरी असले की मुद्दाम काढायचे.

खरं बोचरं मत द्यायची सुरुवात म्हणाल तर बाबूराव पटेल. १९३५ मध्ये त्यांनी फिल्मइंडिया काढलं, इंग्रजी मासिक, पण माणूस मराठी आणि जीभ अस्सल मराठी, म्हणजे तिखट. परीक्षण कसलं, सालटी काढायचे. निर्माते घाबरायचे, नट-नट्या घाबरायच्या, आणि वाचकांच्या पत्रांना ते जी उत्तरं द्यायचे ती वाचायला लोक मासिक घ्यायचे. आता यातली आपल्या भागातल्या लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट, हेच बाबूराव १९६७ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत गेले ते शाजापूरमधून. शाजापूर! इंदूरहून आग्रा रोडनं देवास, मक्सी करत गेलं की येतं ते. मुंबईतला सगळ्यात खडूस पिक्चर-परीक्षक माळव्याचा खासदार होता, आणि आमच्याकडे कोणी याचा साधा उल्लेख करत नाही.

पण साधा माणूस काही फिल्मइंडिया वाचून टाकीजमध्ये जात नव्हता. त्याचं रेटिंग पोस्टरवर असायचं, आठवड्यांमध्ये. २५ आठवडे झाले की सिल्व्हर ज्युबिली, ५० ला गोल्डन, आणि पोस्टरच्या कोपऱ्यात "सप्ताह १२ वा" अशी पट्टी चिकटवलेली. एकच पिक्चर बारा आठवडे चालतोय याचा अर्थ समजायला कोणाची गरज नव्हती. (थोडी फार लबाडी यातही चालायची, रिकाम्या थेटरात पिक्चर ओढत नेऊन ज्युबिली करायचे असं जुने लोक सांगतात.)

आणि इंदूरला याच्याही आधीचं एक रेटिंग कळायचं कारण इंदूर पिक्चरच्या धंद्याचं गाव आहे. मुंबईवाल्यांनी वाटपासाठी देशाचे तुकडे पाडलेत, त्यात आपला तुकडा सीआय, सेंट्रल इंडिया. संस्थानांच्या वेळचं इंग्रजांचं नाव, नकाशावरून कधीच गेलं पण पिक्चरवाल्यांच्या हिशेबात अजून आहे, आणि सीआयच्या वितरकांचं ठिकाण म्हणजे इंदूर. तर शुक्रवारी मुंबईला पहिला शो सुटला की इथून ट्रंक कॉल जायचा आणि प्रश्न एकच, "रिपोर्ट क्या है?" कथा काय, नट कोण हे नाही. रिपोर्ट. हा शब्द तिथून पानवाल्याकडे, पानवाल्याकडून आमच्या घरात, आणि आमची आई अजूनही म्हणते "त्या पिक्चरचा रिपोर्ट बरा नाहीये", जणू काय रक्त तपासून आणलंय.

रिपोर्ट बदलायचा पण, हे महत्त्वाचं. शोले १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा पेपरवाल्यांनी पहिल्या झटक्यात त्याला पाडलाच होता, धंद्यातले लोकही हात वर करून मोकळे झाले होते, आणि मग बघून आलेले लोक दुसऱ्यांना सांगत गेले आणि मुंबईच्या मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला. आज पहिल्या दिवशी दुपारी अडीचला आकडा फुटतो आणि संध्याकाळपर्यंत पिक्चरचं भवितव्य ठरलेलं असतं, तेव्हा असं सावकाश मत फिरायला जागा आहे कुठे?

आमच्याकडे अजून एक प्रकार होता. घरात बोलणं मराठी, मतं मात्र हिंदीत वाचलेली. नईदुनिया यायचा आणि नंतर भास्कर, आणि भास्करात जयप्रकाश चौकसे यांचा "परदे के पीछे" रोजचा स्तंभ, २६ वर्षं. बुऱ्हाणपूरचे, राहायला इंदूरला, स्वतः वितरण केलेलं, त्यामुळे धंद्याची आतली बाजू ठाऊक. त्यांचं लिहिणं कुठून कुठे जायचं, पिक्चरवरून नेहरूंवर, तिथून एखाद्या कादंबरीवर, मग परत नटाच्या आजोबांवर, आणि शेवटी बघावा का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. काका याच्यावर चिडायचे, म्हणायचे पेपर सोडवला पण उत्तराखाली रेघ नाही मारली. तरी रोज आधी तेच पान उघडायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चौकसेंनी निरोपाचा शेवटचा लेख लिहिला आणि २ मार्चला गेले. तारे त्यांनी वाटले असते तर कोणाला आठवले असते का, मला शंका आहे.

नेटवर हे सगळं गेलं ते आधी हौसेनं. ब्रिस्टलचा कॉल नीडहॅम नावाचा एक संगणकवाला पिक्चरवेडा, बघितलेल्या पिक्चरची यादी ठेवायचा (म्हणजे काकाच, फक्त वही नव्हती), त्यानं आणि त्याच्यासारख्या लोकांनी याद्या एकत्र करून १७ ऑक्टोबर १९९० ला जे सुरू केलं त्याचं पुढे आयएमडीबी झालं, १९९८ मध्ये ॲमेझॉननं विकत घेतलं. दहापैकी मार्क, कोणीही द्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समीक्षकांची मतं गोळा करणारी रॉटन टोमॅटोज ही साइट निघाली, आणि तिचा टक्का निम्म्या लोकांना अजून कळत नाही. तो मार्क नाहीये. किती समीक्षकांना पिक्चर बरा वाटला त्याचं प्रमाण आहे, ६० टक्क्यांवर टोमॅटो ताजा. सगळ्यांनी "ठीक आहे, एकदा बघा" म्हटलं तरी १०० टक्के येऊ शकतात. काकांच्या हिशेबात वर्गातली सगळी पोरं ३३ वर पास झाली तर शाळेचा निकाल १०० टक्के, आणि शाळा लगेच बॅनर लावते, तसंच ते. मग २०११ मध्ये न्यूझीलंडच्या दोघांनी लेटरबॉक्स्ड काढलं, तिथे अर्धा तारा पण देता येतो आणि तारीख घालून डायरी ठेवता येते. हे मी वापरतो. फिरून वहीच झाली की!

नेटफ्लिक्सचा किस्सा यातला सगळ्यात मजेदार. त्यांनी २००६ मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, कोण किती तारे देईल याचा अंदाज आमच्यापेक्षा १० टक्के चांगला करून दाखवा, आणि २००९ मध्ये एका टीमनं ते जिंकलं पण. आणि २०१७ मध्ये कंपनीनं तारेच काढून टाकले, अंगठा वर अंगठा खाली. कारण लोक गंभीर डॉक्युमेंटरीला पाच तारे द्यायचे आणि रात्री बघायचे मात्र तीन ताऱ्यांची फालतू कॉमेडी. हे समजायला १० लाख डॉलर लागले, इंदूरला पोह्यांच्या गाड्यावर कोणीही फुकट सांगितलं असतं. आमच्याकडे सानंद या इथल्या मराठी संस्थेचं गंभीर नाटक सुटलं की पार्किंगमध्ये सगळे "विचार करायला लावणारं आहे हं" म्हणतात, आणि त्यातले निम्मे घरी जाऊन चौथ्यांदा तोच डब केलेला मारधाडीचा पिक्चर लावतात. मी पण.

आणि मग आलं न बघता मार्क देणं. २०१४ मध्ये गुंडे लागला, त्याच्या सुरुवातीच्या निवेदनात १९७१ चं युद्ध भारत-पाकिस्तानचं म्हणून सांगितलं, बांगलादेशच्या लोकांच्या लढ्याचं नाव नाही, तिकडे लोक भडकले आणि आयएमडीबीवर हजारोंनी १ देऊन टाकला, पिक्चर यादीत सगळ्यात तळाला. राग बरोबर होता असं माझं मत आहे, पण तो राग पिक्चरच्या मार्कांच्या रकान्यात गेला आणि आता तिथून निघत नाही. यानंतर तर हे नेहमीचंच झालं, एका नटाचे फॅन दुसऱ्याच्या पिक्चरला सकाळी नऊलाच शून्याजवळ नेतात आणि आपल्याला दहा. २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजला तिकीट घेतल्याचं तपासून मग मत मोजायची सोय करावी लागली. केरळमध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि २०२४ मध्ये कोर्टाला मदत करणाऱ्या वकिलांनी सुचवलं की पिक्चर लागल्यावर पहिले ४८ तास व्लॉगरवाल्यांनी परीक्षण टाकू नये. मला हे पटत नाही. खायला बसलेल्याला दोन दिवस मिठाबद्दल बोलायचं नाही म्हणाल तर कसं चालेल, पण न जेवता मीठ कमी म्हणणारेही आहेतच.

इंदूरच्या मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी आहे. मराठी पिक्चर इथे लागला तर एक शो, तोही कुठल्या तरी मॉलमध्ये सकाळी किंवा अशा वेळी की ऑफिसवाल्यानं जावं कसं, आणि गुरुवारी गायब. त्याचं रेटिंग फोनवर ९.२ दिसतं पण ते देणारे सगळे पुण्या-मुंबईचे. मग राजेंद्रनगरच्या ग्रुपवर एकच मेसेज, "कोणी बघून आलंय का?" आणि खाली उत्तरं, "जोशी काकू गेल्या होत्या, रडून राहिल्या होत्या म्हणे" किंवा "फर्स्ट हाफ स्लो". जोशी काकू कशावरही रडतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो रिपोर्ट वजा करून वाचायचा असतो.

काकांची वही मी शेवटपर्यंत चाळली. शेवटच्या काही पानांवर अक्षर हललेलं, पिक्चर कमी, टाकीजच्या रकान्यात "टीव्ही". एका नोंदीत नाव आहे, तारीख आहे, बरोबर काकू, आणि मार्कांच्या जागी आकडा नाही. लिहिलंय, "मध्यंतरानंतर झोप लागली. सबब गैरहजर."