रे अ‍ॅलनचे नऊ गुण कुठं गेले?

माझी भाची सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका शाळेत नववीला आहे आणि बास्केटबॉल खेळते. गेल्या वर्षी संघ म्हणजे तीच होती. चेंडू हातात आला की बाकीच्या चौघी बाजूला सरकायच्या आणि ही दोघी-तिघींच्या गराड्यातून घुसायची. यंदा जूनमध्ये मिरजेहून दोन उंच मुली शाळेत आल्या. दोघींचाही हात चांगला बसलेला, त्यातली एक लांबून शॉट मारते. संघ लागोपाठ मॅचेस जिंकू लागला आणि हिचे पॉइंट मात्र घसरले. "मामा, माझा गेम गेलाय का?" असं तिनं मला रडवेल्या आवाजात विचारलं. तिच्या आजीचं निदान तयार होतं: "त्या दोघी आल्यापासून पोरीचं बिनसलंय. एकेकाचा पायगुण असतो." त्या शनिवारी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढून झाली.

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, गेली वीस वर्षं मनापासून पाहतो. भाचीचा प्रश्न ऐकला आणि मला एकदम रे अ‍ॅलन आठवला.

2006-07 च्या हंगामात रे अ‍ॅलन सिएटलकडून खेळत होता. सामन्यामागं सरासरी 26.4 गुण. 2007 च्या उन्हाळ्यात तो बोस्टनला आला. तिथं पॉल पिअर्स आधीपासून होता आणि पाठोपाठ केव्हिन गार्नेटही आला. पुढच्या हंगामात अ‍ॅलनची सरासरी झाली 17.4. पुरते 9 गुण गेले. पिअर्स 25.0 वरून 19.6 वर उतरला, गार्नेट 22.4 वरून 18.8 वर. तिघांची बेरीज केली तर सामन्यामागं 18 गुण कमी. आणि बोस्टनचे विजय? 82 सामन्यांत आदल्या वर्षी 24, या वर्षी 66. जून 2008 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सना 4-2 असं हरवून त्यांनी विजेतेपद घेतलं. यात बचावाचा वाटा मोठा होता, गार्नेट त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण मला इथं बोलायचंय ते आक्रमणाबद्दल, कारण गेलेल्या नऊ गुणांचं कोडं तिथंच सुटतं.

आधी पायगुणाबद्दल एक गोष्ट बोलून टाकतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, डॉक्टरकीचं शिक्षण मिरजेत झालेलं, आणि कबड्डीत शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेले खेळाडू. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलेला हा माणूस मैदानावर घडलेला होता. त्यांच्या मुलखात आपण अजून चौदा वर्षांच्या मुलीला पायगुणाची भाषा ऐकवतो, याचं मला वाईट वाटतं. त्यात दोन मुलींवर विनाकारण ठपका येतो, आणि जे खरोखर घडतंय ते बघायचं राहून जातं.

खरोखर काय घडतं? एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. कुठल्याही खेळाडूचे शॉट एकाच किमतीचे नसतात. काही मोकळे मिळतात, काही अर्धवट मोकळे, काही समोरच्याचा हात तोंडावर असताना मारलेले. कमी शॉट घेणारा खेळाडू निवडून घेतो. शॉटची संख्या वाढवत नेली की वाईट शॉटही घ्यावे लागतात, शिवाय समोरचा संघ सावध होऊन त्याच्यावर दुसरा माणूस धाडतो. म्हणजे शॉट वाढले की दर शॉटमागचे गुण घटतात.

2010 मध्ये ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञानं हीच गोष्ट रस्त्यावरच्या वाहतुकीला जोडली. त्याचा निबंध 'जर्नल ऑफ क्वांटिटेटिव्ह अ‍ॅनालिसिस इन स्पोर्ट्स' मध्ये आला आणि त्यात उदाहरणाला खेळाडू घेतला होता तो रे अ‍ॅलनच. स्किनर म्हणतो, प्रत्येक चाल म्हणजे बास्केटपर्यंत जाणारा एक रस्ता समजा. जास्त वापरला की रस्ता तुंबतो.

आपल्याकडचंच घ्या. सांगलीहून मिरजेला विश्रामबागवरून सरळ रस्ता आहे आणि कुपवाडवरून वळसाही आहे. सरळ रस्ता जवळचा म्हणून सगळे तिकडं वळतात. तो तुंबत जातो आणि शेवटी वळशाइतकाच वेळ खातो. त्या क्षणी त्या जवळच्या रस्त्याचा कुणालाच फायदा उरत नाही! प्रत्येकानं शहाण्यासारखा निर्णय घेतलेला असतो आणि सगळ्यांची मिळून वेळ मात्र वाया जाते. जर्मन गणिती डीट्रिख ब्रेस यानं 1968 मध्ये याच्याही पुढचं दाखवलं: काही परिस्थितीत नवा रस्ता बांधल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबतो.

आता हे आकड्यांत मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा संघ 100 शॉट घेतो. बाकीचे चौघे साधारण आहेत, त्यांना दर शॉटमागं 1 गुण मिळतो. स्टार खेळाडूला सुरुवातीला 1.30 गुण मिळतात, पण तो जितके शॉट घेईल तितक्या वेळा 0.005 नं हा दर उतरतो. म्हणजे 10 शॉट घेतले तर दर 1.25, 30 घेतले तर 1.15, 60 घेतले तर 1.00.

कोच आणि प्रेक्षक सहज म्हणतील, जोवर स्टारचा दर इतरांपेक्षा वर आहे तोवर चेंडू त्यालाच द्या. तसं केलं की तो 60 शॉटपर्यंत जातो. तिथं त्याचा दर 1.00, इतरांचाही 1.00, संघाचे गुण 100. नीट पाहा: स्टार संघात नसता तरी गुण 100 च झाले असते. जवळचा रस्ता तुंबला तो असा.

चूक कुठं झाली? सरासरी आणि शेवटचा शॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृष्णाकाठच्या ऊस लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. एकूण पाण्यामागं सरासरी किती टन ऊस आला हा एक हिशेब, आणि पाण्याच्या शेवटच्या पाळीनं किती वाढला हा दुसरा. ती पाळी जास्त झाली तर आधीच्या पाण्याची कमाईही जाते, जमीन क्षारपड होते. शॉटचं तसंच आहे. 59 शॉटवर स्टारचे गुण 59 गुणिले 1.005, म्हणजे 59.3. 60 शॉटवर 60. म्हणजे साठाव्या शॉटनं संघाला दिला फक्त 0.7 गुण, कारण त्यानं आधीच्या सगळ्या शॉटांची किंमत थोडीथोडी उतरवली. तोच शॉट साध्या खेळाडूनं घेतला असता तर 1 गुण मिळाला असता.

मग थांबायचं कुठं? जिथं शेवटच्या शॉटची कमाई 1 गुणाच्या बरोबरीला येते तिथं. गणित केलं तर उत्तर येतं 30 शॉट. (ज्यांना कलनशास्त्र येतं त्यांनी एकूण गुणांचं अवकलन करून शून्याशी बरोबर करावं.) त्या ठिकाणी स्टारचा दर 1.15 आणि संघाचे गुण 34.5 अधिक 70, म्हणजे 104.5. स्किनरच्या निबंधाचा मला सर्वांत आवडलेला निष्कर्ष हाच: संघ सर्वोत्तम खेळत असतो तेव्हा स्टारला चेंडू कमी मिळतोय असंच बघणाऱ्याला वाटत राहतं.

आता मिरजेच्या मुली आणू. इतरांचा दर 1.00 वरून 1.10 झाला असं धरा. बाकी काही बदललं नाही. पुन्हा तेच गणित केलं की स्टारसाठी योग्य आकडा 30 वरून 20 शॉटवर येतो. तिचे स्वतःचे गुण 34.5 वरून 24 वर येतात. तिचा दर 1.15 वरून 1.20 वर चढतो. आणि संघ 104.5 वरून 112 वर जातो. तिचा गेम गेलेला नाही. ती कमी आणि अधिक चांगले शॉट घेतेय, आणि तिच्या वाईट शॉटांच्या जागी दुसरीचे चांगले शॉट आलेत. रे अ‍ॅलनचे आकडेही तेच सांगतात: सामन्यामागं शॉट 21 वरून 13.5 वर आले, आणि तीन गुणांचे, म्हणजे लांबून मारलेले, शॉट आत जाण्याचं प्रमाण 37.2 टक्क्यांवरून 39.8 वर गेलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. नवी खेळाडू चेंडूतला वाटा घेते तशी जागाही देते, आणि ही जागा कुठल्याच रकान्यात लिहिली जात नाही. समजा दुसरी मुलगी लांबून शॉट मारू शकत नाही. तिच्यावरची बचावपटू तिला सोडून बास्केटखाली येऊन उभी राहील आणि भाचीचा रस्ता अडवेल. ती लांबून मारणारी असेल तर? तिच्याकडं सहा मीटरचा पास सेकंदाला 12 मीटर वेगानं गेला तर अर्धा सेकंद लागतो. चेंडू पकडून सोडायला 0.7 सेकंद धरा, एकूण 1.2 सेकंद. बचावपटू उभ्या जागेवरून दर सेकंदाला वेग सेकंदाला 4 मीटरनं वाढवत तिच्याकडं परत धावली, तर एवढ्या वेळात ती ½ × 4 × 1.2² म्हणजे सुमारे 2.9 मीटर जाते. हाताची लांबी वेगळी. थोडक्यात, तिला आपली जागा तीन-साडेतीन मीटरपेक्षा जास्त सोडताच येत नाही. कोपऱ्यात नुसती उभी असलेली मुलगी एका बचावपटूला बांधून ठेवते आणि मधली वाट उघडी पडते.

आपल्या गणितात याचा अर्थ असा की स्टारची 1.30 ची सुरुवातच 1.40 होते. मग योग्य आकडा परत 30 शॉटवर येतो, तिचा दर 1.25 होतो आणि संघ 114.5 वर. एकीकडून चेंडू जातो, दुसरीकडून जागा येते. कुठलं पारडं जड, हे नव्या खेळाडूला काय येतं त्यावर ठरतं.

लेब्रॉन जेम्सच्या बाबतीत दोन्ही टप्पे दिसतात. 2010 मध्ये तो मायामीला गेला. तिथल्या ड्वेन वेडलाही चेंडू हातात लागायचा, आणि लांबून मारणं दोघांचंही बलस्थान नव्हतं. पहिल्या 17 सामन्यांत 9 विजय, 8 पराभव. लेब्रॉनची सरासरी 29.7 वरून 26.7 वर आली, सोबत आलेल्या ख्रिस बॉशची 24.0 वरून 18.7 वर. अंतिम फेरीत डॅलसनं त्यांना हरवलं. पुढं बाहेरून मारणारे आले, शेन बॅटिए 2011 मध्ये आणि 2012 मध्ये आपला रे अ‍ॅलन. 2012-13 मध्ये लेब्रॉनचे 56.5 टक्के शॉट आत गेले आणि मायामीनं लागोपाठ 27 सामने जिंकले. त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत, सहाव्या सामन्यात, 5.2 सेकंद उरले असताना अ‍ॅलननं कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारून बरोबरी साधली. मायामी तो सामनाही जिंकली आणि विजेतेपदही.

उलटा प्रयोगही झालाय. 2016 मध्ये केव्हिन ड्युरांट ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेटला गेला. चांगल्या सोबत्यांत त्याचे शॉट 19.2 वरून 16.5 वर आले आणि आत जाण्याचं प्रमाण 50.5 वरून 53.7 टक्क्यांवर गेलं. मागं एकटा राहिलेला रसेल वेस्टब्रुक सामन्याला 18 ऐवजी 24 शॉट घेऊ लागला. त्याची सरासरी 23.5 वरून 31.6 झाली, वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण आत जाण्याचं प्रमाण 45.4 वरून 42.5 टक्क्यांवर उतरलं. फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) आणि तीन गुणांच्या शॉटांनी त्यानं ते बरंच भरून काढलं हे खरं, तरी संघाचे विजय 55 वरून 47 झाले. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपांत यातले फक्त 31.6 दिसतात. त्या एका आकड्यावरून खेळाडू उजवा-डावा ठरवणारे मला पायगुणवाल्यांपेक्षा फार लांबचे वाटत नाहीत.

भाचीला मी हे सगळं वहीवर काढून दाखवलं. अवकलनापाशी तिचं लक्ष उडालं, 2.9 मीटरपाशी परत आलं. ती उठून अंगणात गेली आणि पावलांनी ते अंतर मोजून उभी राहिली. "म्हणजे मी कोपऱ्यात उभी राहिले तरी ती मला सोडून जाऊ शकत नाही?" मी म्हटलं, तू तिथून मारतेस हे तिला माहीत असलं तर नाही. "मग मला कोपऱ्यातनं मारायला शिकायला पाहिजे."

पुढच्या मॅचला मी वहीत एक रकाना वाढवला: चेंडू हिच्याकडं नसताना हिच्या तीन मीटरच्या आत किती जणी आहेत. पहिल्या डावात बहुतेक वेळा एक, सात वेळा दोन. त्या सातपैकी चार वेळा मिरजेची उंच मुलगी मोकळ्या वाटेनं आत गेली आणि लेअप, म्हणजे बास्केटजवळून सोपा शॉट, मारून आली. भाचीच्या नावावर त्या डावात चारच पॉइंट होते. मध्यंतरात ती पाणी प्यायला आली ती बाटलीच्या आधी वही मागत.