मोटारीत मागाहून बसवलेले स्वयंचलित क्लायमेट कंट्रोल

मूळ गाडीत साधा किंवा अर्धस्वयंचलित एसी असताना, त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत मिळणारी पूर्ण स्वयंचलित प्रणाली नंतर बसवून घेणे, असे या कामाचे स्वरूप आहे. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त डॅशबोर्डवरची बटणांची पट्टी बदललेली दिसते. खरे काम त्या पट्टीच्या मागे असते, आणि ते न करता नुसती पट्टी बदलली तर हाती आकडे दाखवणारा पडदा येतो, स्वयंचलित एसी येत नाही.

साध्या एसीत थंडावा, पंख्याचा वेग आणि झोताची दिशा हे तिन्ही निर्णय चालक घेतो. स्वयंचलित प्रणालीत तो फक्त तापमान सांगतो, समजा २४ अंश सेल्सियस. मग नियंत्रक आतल्या हवेचे तापमान, बाहेरचे तापमान, काचेतून येणारे ऊन, कूलिंग कॉइलचे तापमान आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंट द्रवाची उष्णता यांचा हिशेब मांडून पंखा व झडपा हलवतो. ऊन मोजणारा फोटोडायोड डॅशबोर्डवर पुढच्या काचेजवळ असतो. आतले तापमान मोजणाऱ्या संवेदकावरून हवा सतत वाहती ठेवावी लागते, म्हणून त्याच्यामागे बहुधा इवलासा पंखा किंवा हवा ओढणारी नळी असते. ती नळी जोडायची राहिली, तर संवेदक डॅशबोर्डच्या पोकळीतलेच तापमान सांगत बसतो आणि गाडी अकारण गारठते किंवा तापते.

मोटारीला कारखान्यातून एसी बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या सुमारास केली. ठरवलेले तापमान आपोआप राखणारी प्रणाली कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलांत आणली. पुढे ही सोय महागड्या गाड्यांतून मध्यम किमतीच्या गाड्यांत उतरली आणि एकाच मॉडेलच्या दोन श्रेणींत दोन तऱ्हेचे एसी दिसू लागले. मागाहून बसवणी शक्य होते ती यामुळेच: वरच्या श्रेणीचे सुटे भाग खालच्या श्रेणीच्या सांगाड्यात बसतात.

याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन समूहाचा पीक्यू-३५ हा सांगाडा. २००३ ची पाचवी गोल्फ आणि २००४ ची दुसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया या गाड्या त्यावर बनल्या. ही ऑक्टाव्हिया भारतात ‘लॉरा’ नावाने विकली गेली आणि तिची जुळणी औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यात होत असे. गोल्फमध्ये ‘क्लायमॅटिक’ हा अर्धस्वयंचलित आणि ‘क्लायमॅट्रॉनिक’ हा दोन विभागांचा (डाव्या-उजव्या बाजूला वेगळे तापमान ठेवणारा) पूर्ण स्वयंचलित असे दोन प्रकार होते. क्लायमॅटिकमध्ये तापमान विजेच्या मोटरने राखले जाते, पण झोताची दिशा बटण फिरवून, लवचीक दांड्यामार्फत हाताने बदलावी लागते. क्लायमॅट्रॉनिकमध्ये डाव्या-उजव्या तापमानाच्या झडपा, मधली झडप, काचेकडची झडप आणि आतली हवा फिरवणारी झडप या सगळ्यांना स्वतंत्र मोटरी असतात. प्रत्येक मोटर आपली जागा नियंत्रकाला कळवत राहते.

त्यामुळे एका विभागाच्या प्रणालीवरून दोन विभागांच्या प्रणालीवर जायचे, तर हीटर आणि कूलिंग कॉइल ज्या पेटीत असतात ती अख्खी पेटीच बदलावी लागते. पेटी काढायला संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कूलंट काढून हीटरच्या नळ्या सोडवाव्या लागतात, एसीतला थंडावा देणारा गॅस काढून घ्यावा लागतो. हात घालण्याआधी बॅटरी सोडवून एअरबॅगच्या जोडण्यांबाबत कंपनीची पद्धत पाळणे हा इथला सर्वांत गंभीर नियम आहे, त्यात घाई नको. कॉम्प्रेसरला मात्र सहसा हात लावावा लागत नाही. या गाड्यांत दोन्ही प्रकारांना बाहेरून नियंत्रित होणारा, क्षमता कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसरच असतो.

पंख्याचे मात्र तसे नाही. साध्या प्रणालीत रोधकांच्या (रेझिस्टरांच्या) साह्याने तीन-चार ठरावीक वेग मिळतात. स्वयंचलित प्रणालीला हवा तो वेग देणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो, आणि त्यासाठी वायरिंग वेगळे. इथे चांगला वायरमन आणि गाडीचा विद्युत आराखडा दोन्ही हवेत. मूळ हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या तारांच्या जुडग्यात, तारा कापून जोड मारण्यापेक्षा कारखान्याच्याच प्लगांचा पूरक हार्नेस बनवणे श्रेयस्कर, कारण पुढे दोष शोधताना त्या जोडांवरच बोट ठेवायची वेळ येते.

तारा जोडल्यावर गाडीला नवा नियंत्रक ओळखायला लावावे लागते. पीक्यू-३५ मध्ये हा नियंत्रक १०० किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या कम्फर्ट कॅन जाळ्यावर, म्हणजे गाडीतील नियंत्रकांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावर, असतो. अशी जाळी एकमेकांना जोडणाऱ्या गेटवेच्या यादीत त्याची नोंद करायची, गाडीच्या प्रकारानुसार कोडिंग (नियंत्रकाची मांडणी ठरवणारे आकडे) भरायचे आणि मग झडपांची मूलभूत जुळवणी चालवायची. या जुळवणीत प्रत्येक मोटर झडप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवते आणि नियंत्रक दोन्ही टोके लक्षात ठेवतो. ती केली नाही तर गरम हवा मागितल्यावर थंड झोत येणे किंवा डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येणे असे प्रकार घडतात. ऑडीच्या काही मॉडेलांत आणखी एक अडसर आहे. एसीचा नियंत्रक चोरीविरोधी संरक्षणाने मूळ गाडीशी बांधलेला असतो आणि जुन्या गाडीतून काढलेला भाग कंपनीच्या सर्व्हरशी जोडून मोकळा केल्याशिवाय पूर्णपणे चालत नाही. भंगार बाजारातून पट्टी घेण्यापूर्वी हे तपासलेले बरे.

गॅसचा भाग गॅरेजमध्ये सर्वांत निष्काळजीपणे हाताळला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. त्या काळच्या गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे २६ अंश, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. तो हवेत सोडून देणे अक्षम्य आहे. यंत्राने ओढून, साठवून, तोलून पुन्हा भरला पाहिजे. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत, तापमानवाढीची क्षमता दीडशे पटींपेक्षा जास्त असलेल्या वायूंना मनाई केली. आर-१३४एच्या आणि त्यानंतरच्या नव्या वायूच्या गाड्यांचे भाग व तेल एकमेकांत मिसळू नयेत. यंत्रणा उघडी राहिली की हवेतला ओलावा आत शिरतो. पावसाळ्यात तर झटकन, कारण या एसीच्या कॉम्प्रेसरला वंगण देणारे पीएजी तेल पाणी शोषून घेते. म्हणून उघडी टोके लगेच बंद करायची, जोडांचे रबरी ओ-रिंग नवे घालायचे, बराच वेळ उघडे राहिल्यास ओलावा टिपणारा ड्रायर बदलायचा आणि गॅस भरण्याआधी निर्वात पोकळी निर्माण करून आतले पाणी उकळून काढायचे.

हा सगळा खटाटोप कोणासाठी, असा प्रश्न येतोच. नुसता गारवा हवा असेल तर उत्तर सोपे आहे: साधा एसी नीट दुरुस्त ठेवला तर तोही गाडी गार करतो. स्वयंचलित प्रणालीचे मोल बदलत्या हवेत कळते. घाट उतरून कोकणात शिरताना दहा-बारा अंशांचा फरक पडू शकतो, पुणे-मुंबई प्रवासात ऊन-सावली सारखी बदलते, आणि पावसात काच धुरकटते तेव्हा काही प्रणालींत कोरडी हवा काचेवर सोडण्याचा निर्णय चालकाला रस्त्यावरची नजर हटवून घ्यावा लागत नाही. दूर अंतर नेहमी चालवणाऱ्याने यावर खर्च करण्यात तथ्य आहे. शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी, विशेषतः पेटी बदलावी लागणार असेल तर, माझ्या मते नाही. चाकणमध्ये बनलेल्या पोलो-व्हेंटोसारख्या गाड्यांत वरच्या श्रेणीची प्रणाली एकाच विभागाची असते, तिथे हिशेब थोडा हलका पडतो.

काम संपल्यावरची तपासणी मधल्या झोतात थर्मामीटर धरून, सर्व दिशा व दोन्ही टोकांचे तापमान वापरून आणि दोषसंकेत पुन्हा वाचून करतात. कॉइलवर जमणारे पाणी खाली सोडणारी नळीही पाहतात: एसी काही वेळ चालल्यावर पाणी गाडीखाली ठिबकले पाहिजे. ते आत आले, तर पेटीचे रबरी बूच नीट बसलेले नाही आणि कार्पेटखालचे जोड गंजण्याआधी डॅशबोर्ड पुन्हा उघडावा लागतो.