समुद्री टाकीसाठी उंच स्टँड : ऑर्डर देण्याआधी हे वाचा

खाऱ्या पाण्याची, माशांची टाकी घरात ठेवायचं ठरवलेले बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात ते ‘स्टँड जरा उंच करा’ असं सांगतच. करून देतो. पण किती उंच आणि कशासाठी, हे आधी बोलून घेतलेलं बरं. म्हणून हे पत्रक.

बाजारात तयार मिळणारा स्टँड साधारण ३० इंचांचा असतो. त्यावर २ फूट उंचीची टाकी ठेवली की काच ३० इंचांवर सुरू होते आणि ५४ इंचांवर संपते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा ४२ ते ४६ इंचांवर असतो, म्हणजे बरोबर टाकीच्या मध्यावर. थोडक्यात, हॉलमध्ये बसून बघायची टाकी असेल तर उंच स्टँडची गरज नाही, आणि आम्ही तसं तोंडावर सांगतो. पॅसेज, जेवणघर, दवाखान्याची प्रतीक्षाखोली, ऑफिसचा दर्शनी भाग, जिथे माणसं उभ्यानेच बघणार तिथे ४२ इंच योग्य. दोन्ही हवं असेल तर ३६.

उंचीचं दुसरं कारण स्टँडच्या पोटात असतं. समुद्री टाकीला खाली संप लागतो, म्हणजे वरचं पाणी उतरून पंपाने पुन्हा वर जातं ती दुसरी टाकी, आणि संपमध्ये प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र. मध्यम टाकीचा स्किमर २० ते २२ इंच उंच असतो, आणि त्याचा वरचा कप आठवड्यातून दोनतीनदा उचलून धुवावा लागतो. त्यासाठी वर आणखी पाच-सहा इंच मोकळे हवेत. ३० इंची स्टँडमधून वरची-खालची फ्रेम आणि फळी वजा केली की आत जेमतेम २५-२६ इंच उरतात. कप निघत नाही म्हणून तो धुतलाच जात नाही, आणि स्किमर असून नसल्यासारखा होतो. या कारणासाठी कुणी ३६ इंच मागितलं तर आम्ही लगेच हो म्हणतो.

वजन किती?

पुढे सगळीकडे ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच टाकी धरली आहे. बाहेरून मोजलं तर ती ४५० लिटरची. १२ मिलिमीटर काच आणि वरची दीड इंच मोकळी जागा सोडली की आत साधारण ३९० लिटर पाणी बसतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला १.०२५ किलोच्या आसपास, म्हणजे पाणीच ४०० किलो. काच ९० किलो. दगड आणि वाळू घातली की तेवढं पाणी बाहेर जातं, पण दगड पाण्यापेक्षा जड असल्याने चाळीसेक किलोची भर पडतेच. स्टँडच्या डोक्यावर झाले ५३० किलो. खाली भरलेला संप १२० किलो आणि स्टँड स्वतः ५०-६०. एकूण ७०० किलो, आणि तेही ८ चौरस फुटांवर.

राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरून आखतात. आपल्या टाकीखाली हा आकडा ९०० च्या वर जातो. याचा अर्थ स्लॅब खचणारच असा नाही. तो भार अख्ख्या खोलीवर पसरलेला धरतात. १० बाय १२ च्या खोलीत तो २,२०० किलो होतो. पण आपलं वजन एका कोपऱ्यात एकवटलेलं असतं. म्हणून टाकी अशा भिंतीला लागून ठेवा जिच्याखाली बीम आहे, शक्यतो कॉलमजवळ. खोलीच्या मधोमध, दोन बीमच्या मध्ये नको. बाल्कनीत अजिबात नको, ती बहुतेक वेळा एकाच बाजूने धरलेली असते. लाकडी तुळया आणि पाटण असलेल्या जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यासाठी आम्ही या मापाच्या टाकीची ऑर्डर घेत नाही. इमारत तीसेक वर्षांहून जुनी असेल, स्लॅबच्या खालून गिलावा पडत असेल किंवा गज दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी टाकीच्या दिव्यापेक्षा कमीच असते.

उंच स्टँड मोडत नाही, झुलतो

‘एवढं वजन पायांना पेलेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पेलतं. २ मिलिमीटर जाडीच्या, ५० बाय ५० च्या चौकोनी लोखंडी पाइपचे चार पाय सरळ खाली येणारं वजन कितीतरी पट जास्त घेऊ शकतात, मग ते ३० इंचांचे असोत वा ४२. उंचीने बिघडतं ते वेगळंच. नुसते चार पाय आणि वर चौकट अशा स्टँडला वरून बाजूला ढकललं तर तो चौकोनाचा तिरपा होऊ पाहतो. पाय जितके लांब तितका जास्त. भरलेल्या टाकीजवळून मूल पळत गेलं की पाणी हिंदकळतं, त्या हिंदकळण्याने स्टँड डुलतो, डुलल्याने पाणी आणखी हिंदकळतं. हा सगळा ताण शेवटी काचेच्या सिलिकॉनच्या जोडांवर आणि वेल्डवर येतो.

उपाय स्वस्त आहे, फक्त दिसायला कुणाला आवडत नाही. मागच्या बाजूला कैची, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी. किंवा मागे आणि दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटर प्लायचा अखंड पत्रा, फ्रेमला दर सहा इंचांवर स्क्रूने बांधलेला. पुढची बाजू दारांसाठी उघडी लागते, तिथे वरच्या दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोणी प्लेट. दारं ताकद देत नाहीत, ती फक्त झाकतात. पाइप जाण्यासाठी मागच्या प्लायला भोकं पाडायची असतील तर ती गोल आणि कडांपासून लांब. संपूर्ण मागची बाजू उघडी ठेवा असा आग्रह ३६ इंचांच्या वर आम्ही मानत नाही.

वरच्या चौकटीची गोष्ट निराळी. चार फुटांच्या पुढच्या आणि मागच्या पाइपवर प्रत्येकी २६५ किलो येतात. ५० बाय ५० चा पाइप मध्ये आधार नसेल तर २ मिलिमीटर वाकतो, ४० बाय ४० चा ४ मिलिमीटर. लोखंडाला याचं काही नाही, पण टाकीच्या तळाच्या काचेला आहे. मध्ये एक पाय दिला की हा बाक जवळजवळ नाहीसा होतो. पण मधला पाय नेमका संप आत सरकवण्याच्या वाटेत येतो. तेव्हा ८० बाय ४० चा पाइप ‘खडा’, म्हणजे ८० ची बाजू उभी ठेवून लावतात. बाक पाऊण मिलिमीटरवर येतो आणि पुढचं तोंड मोकळं राहतं. तोच पाइप आडवा लावला तर निम्माही फायदा नाही. वेल्डरकडे उभं राहून हे एकदा बघून घ्या, तुमचा स्टँड आमच्याकडचा नसला तरी.

आता कलंडण्याचं. ३० इंची स्टँडवर आपली २ फूट खोल टाकी साधारण १६ अंश कललीच तर पडेल. ४२ इंचांवर हेच १२ अंशांच्या थोडं वर येतं. टाकीची खोली दीड फूट असेल तर साडेनऊ. (खालचा संप आणि स्टँडचं स्वतःचं वजन थोडी मदत करतं, ते इथे धरलेलं नाही.) म्हणून दीड फुटापेक्षा कमी खोलीच्या टाकीला ४२ इंची स्टँड हवा असेल तर आम्ही स्टँडचा तळ टाकीपेक्षा चार इंच पुढे काढतो. २ फुटांपेक्षा कमी खोलीच्या प्रत्येक उंच स्टँडला मागून दोन क्लॅम्प देतो, ते भिंतीत बसवायचे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत साधे अँकर बोल्ट चालतात. नव्या इमारतींत एएसी, म्हणजे हलके सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक असतात, त्यात ते सैल पडतात. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट लागतो. कोयना-पाटण परिसरात किंवा लातूर-धाराशिवकडे राहणाऱ्यांना क्लॅम्प का, हे समजावून सांगावं लागत नाही.

मीठ

समुद्री टाकीच्या शेजारी काहीही कोरडं राहत नाही. बुडबुडे फुटतात, थेंब उडतात, पाणी वाळतं, मीठ मागे राहतं आणि हवेतला दमटपणा ओढून पुन्हा ओलं होतं. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात तर ते वाळतच नाही. म्हणून साहित्याबद्दल आमचे काही हट्ट आहेत.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नाही. एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. प्लाय ७१० मार्काचाच, म्हणजे मरीन प्लाय, आणि त्याच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करून. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला प्लायही कडेतून पाणी पितो.

लोखंडाला रेड ऑक्साइडवर ऑइलपेंट हे ग्रिलसाठी ठीक. इथे घासून, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पावडर कोटिंग देखणं असतं, मागणाऱ्याला करूनही देतो, पण एकदा टवका उडाला की गंज थराखालून पसरतो आणि घरी दुरुस्ती होत नाही. इपॉक्सीवर ब्रश फिरवता येतो. पाइपची सगळी तोंडं आम्ही वेल्डने बंद करतो, कारण बाहेरून चकचकीत असलेला स्टँड बहुतेक वेळा आतून कुजतो. त्याच कारणाने, घरी नेल्यावर त्याला ड्रिलने भोक पाडू नका. हुक, पट्टी, वायरचा क्लिप काय लागेल ते आधी सांगा, रंगाच्या आधी बसवून देऊ.

स्टेनलेस स्टील मागणाऱ्यांसाठी : ३०४ वर खाऱ्या पाण्याने तपकिरी ठिपके पडतात आणि ते खोल जातात. ३१६ टिकतं, पण भाव ऐकून बहुतेक जण इपॉक्सीवर येतात.

जमीन, लेव्हल, फोम

टाकीची जागा ठरली की तिथल्या लाद्या नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर ती लादी पायाखाली फुटणार. आमच्या पायांना १०० मिलिमीटरच्या चौकोनी प्लेट आणि खाली रबर असतं, लेव्हल करण्याचे बोल्ट आतल्या बाजूने. पाणसळ लांबीला, रुंदीला आणि कोपऱ्यातून कोपऱ्याला, तिन्ही बघायची. चार फुटांत ३ मिलिमीटरपर्यंतचा उतार चालतो. पीळ मात्र अर्ध्या मिलिमीटरचाही नको, कारण काच वाकत नाही. टाकीखालचा १० मिलिमीटरचा फोम किंवा थर्माकोल हा वाळूच्या कणासाठी आहे, वाकड्या स्टँडसाठी नाही. प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीखाली तोही घालायचा नसतो.

वीज गेली तर

वीज गेल्यावर पंप थांबतो आणि वरचं पाणी संपमध्ये उतरू लागतं. आपल्या टाकीत १ सेंटिमीटर पाणी म्हणजे सात लिटर. पंपाच्या नळीचं तोंड ५ सेंटिमीटर पाण्यात असेल तर ३५ लिटर खाली येतील, शिवाय पाइपातलं. म्हणून संपात ५० लिटर जागा कायम रिकामी ठेवा. भारनियमनाच्या भागात हे आठवड्यातून एकदा तरी होतंच. उंच स्टँडमध्ये पंपाला पाणी पावणेपाच ते पाच फूट चढवावं लागतं. खोक्यावरचा ‘लिटर प्रति तास’ हा आकडा शून्य उंचीचा असतो, तेवढा धरून पंप घेऊ नका.

इलेक्ट्रिक बोर्ड संपच्या वर नको, बाजूच्या वेगळ्या कप्प्यात उंचावर. प्रत्येक वायर आधी खाली लोंबकळून मग वर सॉकेटला जावी, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) आणि स्टँडला अर्थिंग, या दोन्हींशिवाय आम्ही लोखंडी स्टँड बसवत नाही. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि पाणी थंड होण्याऐवजी बिल वाढतं.

आणि एक, जे सगळे टाकी भरल्यावर विचारतात : ४२ इंची स्टँडवर टाकीचा काठ साडेपाच फुटांवर येतो. तळाशी पडलेला दगड उचलायला स्टूल लागणार, वर दिवा टांगायला छतापर्यंत निदान दोन फूट हवेत. घरात पंखा कुठे आहे तेही बघा.

ऑर्डर देताना

टाकीची बाहेरची लांबी-खोली-उंची मिलिमीटरमध्ये, काचेची जाडी, तळाला चौकट आहे की नाही, संप आणि स्किमरची मापं, ओव्हरफ्लोचं (संपमध्ये पाणी उतरण्याचं) भोक तळात आहे की मागे, हे पाठवा. मजला, भिंतीचा प्रकार आणि जागेचा फोटो. लिफ्टच्या दाराची रुंदीही. ४ फुटांहून लांब स्टँड आम्ही बोल्टच्या दोन भागांत करतो. टाकी अजून घेतली नसेल तर ती आधी घ्या. कागदावरचं माप आणि काचवाल्याकडून आलेली टाकी यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक नेहमीच पडतो.

बसवल्यावर टाकी आधी साध्या पाण्याने भरायची : निम्मी, मग एक रात्र थांबून पूर्ण. पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत पेन्सिलने काचेवर मारून दोन दिवसांनी पुन्हा मोजतो. रेघ हलली असेल तर पाणी काढून लेव्हलचे बोल्ट पुन्हा फिरवतो, त्याचे पैसे नाहीत. मीठ त्यानंतर घाला.