ओडो बुयवीद : ससे, घोडे आणि एस्पेरांतो

कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती आपल्याकडे एका अख्ख्या पिढीने लहानपणी घेतलेली आहे. ती लस डेव्हिड सेंपलने 1911 मध्ये कसौलीला बनवली, मेंढीच्या मेंदूपासून, आणि ती भारतात 2000 सालानंतरही काही वर्षं दिली जात होती. पण रेबीजच्या लशीची मूळ सुरुवात पॅरिसची. 6 जुलै 1885 ला लुई पाश्चरच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. आणि ही पद्धत पोलंडमध्ये आणणारा माणूस म्हणजे ओडो बुयवीद, ज्याचं नाव आपल्याकडे जवळपास कोणी ऐकलेलं नाही.

जन्म 1857 चा, विल्नियसचा. मेडिकलचं शिक्षण वॉर्साला. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच, वॉर्सा रशियाकडे आणि क्राकोव ऑस्ट्रियाकडे. 1885 मध्ये हा बर्लिनला जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखकडे जाऊन जंतू वाढवायला शिकला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला पाश्चरकडे जाऊन लस बनवायला शिकला. दोन उस्तादांमधून तेव्हा विस्तव जात नव्हता, आणि हा दोघांकडेही शिकून आला!

परत आल्यावर 1886 मध्ये त्याने वॉर्सामध्ये रेबीजच्या लशीचं केंद्र चालू केलं, जगातल्या अगदी पहिल्या काही केंद्रांपैकी एक. आता कोणी म्हणेल की लस पॅरिसहून मागवायची ना, केंद्र कशाला? तर ती बाटलीत भरून पाठवण्यासारखी गोष्टच नव्हती. सशाला रेबीजची लागण करायची, तो मेला की त्याचा मज्जारज्जू काढायचा आणि काचेच्या बाटलीत दोरीला टांगून ठेवायचा, बाटलीच्या तळाशी ओलावा शोषणारा कॉस्टिक पोटॅश. जसजसे दिवस जातील तसतसा त्यातला विषाणू दुबळा होतो. पेशंटला आधी चौदा दिवस वाळलेल्या तुकड्याचं इंजेक्शन, मग तेरा दिवसांचा, मग बारा, असं करत करत ताज्यापर्यंत यायचं. म्हणजे प्रत्येक वयाचा तुकडा रोज हाताशी पाहिजे, म्हणजे ससे सतत चालू पाहिजेत. गंमत म्हणजे हे सगळं करताना विषाणू कोणाला दिसतच नव्हता, तेव्हाच्या मायक्रोस्कोपच्या आवाक्यातला तो नाहीच.

चावल्यानंतर लस देऊन उपयोग होतो कारण हा विषाणू मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, त्यात कित्येक आठवडे जातात, कधी महिनेही. तेवढ्यात शरीराची तयारी झाली तर माणूस वाचतो. त्यामुळे प्रवासात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. 1886 मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्क भागातली 19 माणसं पिसाळलेला लांडगा चावला म्हणून थेट पॅरिसला आली होती, त्यातली 16 वाचली. एवढ्या लांबून किती जण जाऊ शकणार, आणि कोणाच्या खर्चाने? वॉर्सासारखी केंद्रं निघाली ती याच कारणाने.

बुयवीदने स्वतःही काम केलंय बरं का, नुसती ने-आण नाही. 1887 मध्ये त्याने पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू ओळखायची एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. पेप्टोनच्या, म्हणजे अर्धवट पचवलेल्या प्रथिनांच्या, पाण्यात जंतू वाढवायचे आणि वरून आम्लाचे थेंब टाकायचे, पाणी गुलाबी-लाल होतं. कारण हा जंतू इंडोल नावाचं रसायन तयार करतो आणि नायट्रेटपासून नायट्राइट पण करतो, आम्ल पडलं की या दोघांचं मिळून लाल रंगद्रव्य होतं. दुसरेही काही जंतू हाच रंग दाखवतात, त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल देता येत नाही, पण तेव्हाच्या लॅबमध्ये ती चांगलीच कामाची होती. 1890 मध्ये कॉखने टीबीवर औषध सापडल्याचं जाहीर केलं आणि ते कशाचं बनवलंय हे गुपित ठेवलं (हे मला अजिबात पटत नाही), तेव्हा बुयवीदने वॉर्सात बसून स्वतःच ते औषध, म्हणजे ट्यूबरक्युलिन, बनवलं. औषध म्हणून ते फुकट गेलं, पण टीबीची लागण ओळखायच्या टेस्टसाठी पुढे टिकलं.

1893 मध्ये तो क्राकोवला यागिएलोनियन विद्यापीठात हायजीनचा प्रोफेसर झाला आणि तिथे सीरम आणि लशी बनवायला लागला. घटसर्पाचं सीरम घोड्यापासून मिळायचं. घोड्याला घटसर्पाच्या जंतूंचं थोडं विष टोचायचं, मग वाढवत वाढवत न्यायचं, काही महिन्यांनी त्याच्या रक्तात भरपूर प्रतिविष जमतं, मग रक्त काढून वरचा पिवळसर भाग वेगळा करायचा, आणि ते गळा दाटलेल्या पोराला टोचायचं.

या सगळ्यात त्याची बायको काझिमिएरा बरोबरीने होती, लॅबमध्येही. तिला स्वतःला विद्यापीठात शिकायला मिळालं नव्हतं. मग तिने पोरींना विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून अर्ज करायला लावले, आणि 1896 मध्ये क्राकोवात मुलींचं पहिलं गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणारी शाळा, निघालं त्यातही तिचा हात होता. खरं तर तिच्यावर वेगळा लेख व्हायला पाहिजे.

आणि एस्पेरांतो. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली ही भाषा वॉर्साचीच. डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी 1887 मध्ये पहिलं पुस्तक काढलं, व्याकरणाचे नियम फक्त 16. बुयवीद पुढे तिचा पक्का समर्थक झाला, पोलंडमधल्या चळवळीतला मोठा माणूस. का झाला, यावर माझा अंदाज असा की ज्याने जर्मन उस्ताद आणि फ्रेंच उस्ताद दोन्ही जवळून पाहिले त्याला भाषेचे घोळ माहीत असणारच. 1882 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत पाश्चर भाषणात जर्मन लेखसंग्रहाचा उल्लेख करत होता आणि कॉखच्या शेजारच्या माणसाला ते 'जर्मन गर्व' असं ऐकू आलं, फ्रेंचमध्ये ते दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे. कॉख भडकला आणि पाश्चरला कळेचना की झालं काय, असा किस्सा इतिहासकार सांगतात. अर्थात फ्रान्स आणि जर्मनीतल्या 1870 च्या युद्धाचा राग मुळात होताच, नुसती कॉमन भाषा असती तर दोघं गळ्यात गळे घालून फिरले असते असं काही मला वाटत नाही.

1912 मध्ये एस्पेरांतोचं आठवं जागतिक संमेलन क्राकोवलाच भरलं, झामेनहोफ यांनी तिथेच चळवळीच्या नेतृत्वातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. पुढे नाझींनी या भाषेवाल्यांचा छळ केला, झामेनहोफ यांची तिन्ही मुलं मारली गेली. बुयवीद 26 डिसेंबर 1942 ला, जर्मनांच्या ताब्यातल्या क्राकोवमध्ये, 85 व्या वर्षी वारला. शहरातल्या लुबिच रस्त्यावर त्याचं घर आहे, तिथे त्याच्या वस्तूंचं छोटं म्युझियम केलंय. क्राकोवला जाणारे बहुतेक जण किल्ला आणि मिठाची खाण बघून परत येतात, वेळ असेल तर इकडेही चक्कर टाका.